एकेचाळिसावा ठिपका

एका शहरात एक मोठं इस्पितळ होतं आणि त्या इस्पितळात एक सही होती. सही अधिष्ठात्यांची, म्हणजे इस्पितळाच्या सर्वांत मोठ्या साहेबांची. त्यांचं नाव डॉक्टर धुंडिराज महाबळ. बरा झालेला रोगी या सहीशिवाय घरी जाऊ शकत नसे, मग तो कितीही खडखडीत बरा झालेला असो.

असा नियम कुठे छापलेला नव्हता. फार पूर्वी कधीतरी एक रोगी अर्धवट बरा असताना घरी गेला आणि बोंबाबोंब झाली. तेव्हा साहेबांनी डिस्चार्जचा कागद आपल्या हातात घेतला, आणि घेतला तो कायमचाच. साहेब राउंडला निघत दुपारी साडेबाराला. त्याआधी मीटिंगा असत, चहा असे, भेटायला आलेली मंडळी असत. राउंडला मागे पाचसहा डॉक्टर, दोन सिस्टर आणि फायली सांभाळणारा शिपाई. प्रत्येक खाटेपाशी वरात थांबायची. रोग्यानं हात जोडायचे, साहेबांनी मान डोलवायची, मग खिशातलं पेन निघायचं. शेवटची सही व्हायला तीन वाजत. सकाळी सातला अंघोळ करून, बोचकं बांधून बसलेली माणसं तीनपर्यंत खाट अडवून बसत. त्यांचा काय दोष? सही झालेली नसे.

आणि खाली तळमजल्यावर काय चाललेलं असे? खाली कॅज्युअल्टी होती. गाडीनं उडवलेला, साप चावलेला, छातीत कळ आलेला, ज्याला थांबायला वेळ नाही असा प्रत्येक माणूस तिथे येई आणि थांबे. डॉक्टर तपासत, सुई देत, पण त्याला वर पाठवायला खाट नसे. मग तो स्ट्रेचरवरच राही. स्ट्रेचर अडलं की पुढचा खुर्चीवर बसे. बाहेरच्या दालनात खुर्च्या होत्या चाळीस. त्या भरल्या की पुढचा फरशीवर.

सिसिलिया डाबरे या कॅज्युअल्टीच्या मुख्य सिस्टर. वसईकडच्या, उंचपुऱ्या, आवाजाला खणखणीत. बावीस वर्षं त्या याच दारात उभ्या होत्या. खालची गर्दी वरच्या सहीमुळे होते, हे त्यांना दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. पण सिस्टरला विचारतं कोण? सिस्टरनं सुई टोचायची, चादर बदलायची आणि साहेब आले की बाजूला सरकून उभं राहायचं. डाबरे सिस्टर तेवढं करत आणि आतल्या आत धुमसत.

एके वर्षी तक्रारी फारच वाढल्या. वर्तमानपत्रात फरशीवर झोपलेल्या रोग्यांचे फोटो आले. वरून हुकूम सुटला, की रोगी एवढे का खोळंबतात याचा शोध घ्या. साहेबांनी मग एक कॉम्प्युटरवाला बोलावला. साहेबांच्या मनात होतं, की डॉक्टर कमी आणि जागा कमी असंच निघणार, म्हणजे दोष सरकारचा. आणि कॉम्प्युटरनं सांगितलं म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

कॉम्प्युटरवाल्याचं नाव निरंजन केळुसकर. माणूस हुशार होता आणि कामाला वाघ होता. त्यानं वीस दिवस कॅज्युअल्टीत ठाण मांडलं. कोण किती वाजता आला, डॉक्टरनं किती वाजता पाहिलं, खाट किती वाजता मिळाली, सगळं घड्याळ लावून टिपलं.

"तुम्ही नुसते मोजणार, की काही करणार?" सिस्टरनं पहिल्याच दिवशी फटकारलं.

"सिस्टर, न मोजता करत सुटलेल्यांनीच ही वेळ आणलीय," केळुसकर म्हणाला.

हे उत्तर सिस्टरला आवडलं. तेव्हापासून त्याला त्यांच्या डब्यातली भाकरी मिळू लागली.

वीस दिवसांनी केळुसकरनं कॉम्प्युटरमध्ये इस्पितळाची हुबेहूब नक्कल उभी केली. तेच दार, त्याच चाळीस खुर्च्या, तोच जिना, त्याच खाटा. दारातून ठिपके आत येत. साधं दुखणं हिरवं, जास्त दुखणं पिवळं, जिवावरचं लाल. खऱ्या दिवसाला चोवीस तास लागतात, तिथला दिवस मिनिटात सरे. या खोट्या इस्पितळात काहीही करून बघता येत होतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागत नव्हता. यंत्राची खरी थोरवी हीच. चुका तिथे करायच्या आणि शहाणपण इथे आणायचं.

केळुसकरनं डॉक्टर दुप्पट केले. ठिपक्यांची रांग तेवढीच राहिली. दालन मोठं केलं. रांग कमी झाली नाही, फक्त ऐसपैस बसली. तो डोकं धरून बसला.

सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खाली काय शोधताय? वर बघा. खाटा रिकाम्या कधी होतात ते बघा."

केळुसकरनं बघितलं. वर एका जागी ठिपके साचून राहिले होते. सगळे हिरवे, सगळे बरे झालेले. त्या जागेला नाव होतं 'सही'. त्यानं ती सही दुपारवरून सकाळी आठावर आणली आणि पुन्हा दिवस चालवला. वरचे ठिपके भराभर बाहेर पडले. खालचे भराभर वर गेले. चाळीसपैकी निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि फरशीवर एकही ठिपका उरला नाही. त्यानं असे शंभर दिवस चालवून पाहिले. शंभरही दिवस तेच.

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं जे त्या मनातल्या मनात बोलत होत्या, ते आता यंत्र बोलत होतं.

केळुसकरनं हे चित्र साहेबांना नेऊन दाखवलं. साहेब खूश होऊन बघत होते. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"हे काय तुंबलंय इथे?"

"साहेब, ती आपली सही."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डॉक्टर कमी नाहीत, जागा कमी नाही, सरकार दोषी नाही. साडेचार तास आधी राउंड घ्यायचा, किंवा वॉर्डातल्या डॉक्टरांना सही करू द्यायची, एवढंच करायचं होतं. त्याला नवी भिंत लागत नव्हती की नवा माणूस लागत नव्हता. पण तेवढ्यानं साहेबांचा मान कमी होत होता. खाटेखाटेवर जोडलेले हात कमी होत होते.

"केळुसकर, हे इस्पितळ माझ्या सहीवर चालतं," साहेब म्हणाले. "पंधरा तारखेला आरोग्यमंत्री येतायत. त्यांना दाखवायच्या चित्रात खुर्च्या चाळीस आणि माणसं जास्तीत जास्त चाळीस. फरशीवर कुणी दिसता कामा नये."

"मग जास्तीचे ठिपके जातील कुठे?"

"ते तुम्ही बघा. यंत्र तुमचं आहे." मग साहेब जरा गोड झाले. "मंत्र्यांना आवडलं तर सगळ्या जिल्ह्यांच्या इस्पितळांचं काम तुमच्याकडेच येईल. मी स्वतः शब्द टाकीन."

केळुसकर घरी गेला आणि दोन दिवस अस्वस्थ राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं प्रोग्रामात एक ओळ लिहिली. दालनात चाळीस ठिपके असले आणि एकेचाळिसावा दारात आला, की तो नाहीसा. बरा होऊन जाणार नाही, दुसरीकडे जाणार नाही, नुसता नाहीसा. एका ओळीचं काम होतं. सगळे जिल्हे डोळ्यांपुढे होते.

पंधरा तारखेला मंत्री आले. चित्र भिंतीवर मोठं करून दाखवलं. ठिपके शहाण्या मुलांसारखे आत आले, बसले आणि वर गेले. चाळिसाच्या वर एकही नाही. मंत्री म्हणाले, "वा! याला म्हणतात व्यवस्था." साहेबांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. डाबरे सिस्टर कडक इस्त्रीच्या गणवेशात रांगेत उभ्या होत्या. दाराशी ठिपके विरताना त्यांना स्पष्ट दिसले. बावीस वर्षं त्या दारात उभं राहिलेल्या बाईला दिसणार नाही तर कुणाला दिसणार? पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनीही वाजवल्या. हे सांगायला वाईट वाटतं, पण वाजवल्या.

मंत्री जाताना एवढंच म्हणाले, की आमची माणसं मधूनमधून येऊन पाहून जातील. चित्रात चाळीस आणि दालनात सत्तर, हे दिसलं तर शाल परत करायची वेळ येणार. मग साहेबांनी काय केलं? सही सकाळी केली? छे! त्यांनी दारावर पहारेकरी बसवला. चित्र इस्पितळासारखं काढायचं असतं. इथे इस्पितळच चित्रासारखं करायला घेतलं.

पहारेकऱ्याचं नाव भागुजी. त्याला हुकूम असा, की आत चाळीस माणसं झाली की दार बंद. एक बाहेर आला की एक आत.

सिस्टर तडक साहेबांकडे गेल्या. "साहेब, भागुजी काय नाडी बघणार आहे? बाहेर कोण थांबू शकतो आणि कोण नाही, हे त्याला कसं कळावं?"

"सिस्टर, तुमची नोकरी किती उरली?" साहेबांनी कागदावरून मान न उचलता विचारलं.

"तीन वर्षं."

"मग ती नीट पार पडू दे."

सिस्टर मूग गिळून परत आल्या. अंगाची लाही होत होती, पण पाय मात्र मुकाट्यानं जिना उतरले. त्या दिवसापासून दालन अगदी नीटनेटकं दिसू लागलं. पाहणीला माणसं आली, खुर्च्या मोजून, समाधान पावून गेली. दाराबाहेर कडुलिंबाखाली कोण बसलंय, ते कुणी मोजलं नाही. मोजायचं दारापासून पुढे होतं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास रंगनाथ नावाचा सुतार बायकोला रिक्षानं घेऊन आला. तिचं नाव पारूबाई. छातीवर हात दाबून धरलेला, चेहरा घामानं डबडबलेला.

"दादा, हिला लई कळ मारतीया ओ. आत सोडा," रंगनाथ म्हणाला.

भागुजीनं आत डोकावून मोजलं. "चाळीस झालेत. कुणी बाहेर आलं की पहिलं तुम्हालाच सोडतो. तिथं सावलीला बसवा."

"अवो, पण घाम तरी बघा तिचा!"

"दिसतोय मला. पण हुकूम आहे दादा, माझी नोकरी जाईल."

रंगनाथनं बायकोला लिंबाखाली बसवलं. ती एकेचाळिसावी होती. आत चाळीस जणांत कुणाचं बोट कापलेलं, कुणाला सर्दी, कुणी नुसता सोबतीला आलेला. आणि वर त्याच वेळी अकरा माणसं ठणठणीत बरी होऊन, बोचकी मांडीवर घेऊन खाटांवर बसली होती. एक आजी तर पहाटेच केस विंचरून, चपला घालून तयार होती. अकरा अडलेल्या खाटा आणि एक बाई, मधे फक्त एक जिना आणि एक पेन.

पाऊण तास गेला. सव्वा तास होत आला. रंगनाथनं दोनदा दार धरलं, भागुजीनं दोनदा हात जोडून थांबवलं. मग पारूबाई बसल्या जागी कलंडली. रंगनाथ भागुजीला ढकलून आत घुसला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला. सिस्टर धावत बाहेर आल्या. नाडी लागत नव्हती. त्यांनी मातीत गुडघे टेकून छाती दाबायला सुरुवात केली. डॉक्टर धावले, स्ट्रेचर आलं. अर्धा तास सगळे झटले. उपयोग झाला नाही. वर साहेबांचा राउंड तेव्हा नुकता सुरू झाला होता.

दुपारी रंगनाथ सिस्टरच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. रडून झालं होतं.

"बाई, ही हितं आली हुती, एवढं तरी कुठं लिवलंय का?"

सिस्टरनं रजिस्टर उघडलं. जो आत आला त्याचीच नोंद करायची, अशी पद्धत होती. पारूबाई आत आलीच नव्हती. इस्पितळाच्या लेखी त्या दिवशी कुणी थांबलं नव्हतं, कुणी परत गेलं नव्हतं, कुणी दारात मेलं नव्हतं. कॉम्प्युटरातही नाही आणि कागदावरही नाही. सिस्टरनं पेन उचललं आणि त्या वेळी दालनात असलेल्या चाळीस नावांच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: एकेचाळीस. पारूबाई रंगनाथ सुतार. दारात आली, अकरा वाजून पाच मिनिटं. आत घेतलं, नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली.

तासाभरात साहेबांचं बोलावणं आलं. रजिस्टर त्यांच्या पुढ्यात होतं.

"ती बाई आत आलेली नव्हती. ही ओळ खोडा."

"नाही खोडणार."

"सिस्टर, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"साहेब, भिंतीवर ठिपके पुसले गेले तेव्हा मी गप्प बसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेव्हा तोंड उघडलं असतं तर कदाचित आज ती बाई वर खाटेवर असती. आता ही ओळ मी पुसणार नाही. तुम्हाला पुसायची तर तुमच्या पेनानं पुसा आणि शेजारी सही करा. तुमच्या सहीशिवाय इथे काही होत नाहीच."

साहेबांचं पेन हातातच राहिलं. खोडाखोडीशेजारी स्वतःची सही करण्याएवढी छाती त्यांना नव्हती. त्यांनी सिस्टरची रवानगी त्याच दिवशी चादरींच्या कोठारात केली. पण रजिस्टर होतं तसंच राहिलं.

रंगनाथनं तक्रार केली आणि चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. साहेबांनी केळुसकरला बोलावून त्यांना ते गाजलेलं चित्र दाखवलं. "बघा, चाळिसाच्या वर आमच्याकडे कुणी थांबतच नाही."

अधिकारी बाईंनी रजिस्टर उघडलं. "इथे तर एकेचाळीस आहेत."

मग त्या केळुसकरकडे वळल्या. "तुमच्या चित्रात एकेचाळिसाव्याचं काय होतं?"

केळुसकरनं साहेबांकडे पाहिलं. मग दाराशी साक्षीला बोलावलेल्या डाबरे सिस्टर उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. सिस्टरच्या रजिस्टरातल्या ओळीनं जे बोलायचं ते बोललेलंच होतं. केळुसकर खाली बसला आणि त्यानं प्रोग्रामातली ती एक ओळ काढून टाकली. ठिपके खुर्च्यांवर भरले, फरशीवर भरले, दाराबाहेर गेले आणि भिंतीवरच्या चित्रात मावेनात. त्यांत कितीतरी लाल होते.

"हे थांबेल कशानं?" बाईंनी विचारलं.

त्यानं 'सही' आठावर आणली. मिनिटभरात दालन मोकळं झालं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"चार महिन्यांपासून."

"आणि साहेबांना?"

"त्याच दिवसापासून."

साहेब चिडून म्हणाले, "अहो, ते नुसते ठिपके आहेत!" रंगनाथ तिथेच बाकावर बसलेला होता.

साहेबांना घरी पाठवलं गेलं. केळुसकरच्या हातून सगळे जिल्हे गेले, आणि जायलाच हवे होते. सिस्टर पुन्हा कॅज्युअल्टीत आल्या. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातले डॉक्टर सकाळी आठला आपापल्या रोग्यांच्या कागदांवर सह्या करू लागले. नवी भिंत उभारावी लागली नाही. एकही नवा माणूस लागला नाही.

पहिल्याच दिवशी नऊच्या आत तेरा जण बोचकी घेऊन हसत घरी गेले. अकरा वाजता सिस्टर बाहेरच्या दालनात आल्या. सतरा खुर्च्या रिकाम्या होत्या. कडुलिंबाखाली कुणी नव्हतं. एक तरुण डॉक्टर आनंदानं म्हणाला, "बघा सिस्टर, किती सोपं होतं!"

सिस्टरचा चेहरा रागानं लाल झाला. "सोपं होतं," त्या म्हणाल्या, "हेच तर मला सहन होत नाही."

तात्पर्य: आपल्या मानासाठी खऱ्याचं चित्र खोटं करणारा आणि ते खोटं दिसत असूनही टाळ्या वाजवणारा, दोघेही दोषी, कारण चित्रातून पुसलेला माणूस खऱ्या दारात मरतो.